किरणोपचार, मुखपाक आणि पाल्याच्या गुळण्या

(नभोवाणीवरील भाषण)

कर्करोगाविषयी बोलावयाचे म्हटले की ऐकणाऱ्याचे मन आधीच धास्तावते. म्हणून आरंभीच सांगतो की, आज मी त्या रोगाविषयी फारसे बोलणार नाही. तोंड, जीभ, गाल, घसा यांच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू झाला म्हणजे एक पीडा जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या वाट्याला येते, आणि तिच्यावर आपल्या गोमंतकात शेजारीपाजारी काही ना काही ‘गावठी वखद’ सुचवतातच. ती पीडा म्हणजे तोंड येणे. आजचे भाषण तेवढ्यापुरतेच आहे.

तोंड येणे ही काही आपल्याला अपरिचित गोष्ट नव्हे. जागरण झाले, पोट बिघडले, की जिभेवर फोड उठतात. आजी परसातल्या जाईची चार कोवळी पाने खुडून आणते आणि ‘चावून थुंकून टाक’ म्हणते. कोणी पेरूचा पाला उकळून देतो, कोणी ओवळीच्या सालीचा काढा करतो, कोणी काताची चिमूट गालात धरावयास सांगतो. दोनचार दिवसांत तोंड बरे होते. ते पानाने बरे झाले की आपोआप, हा वाद घालण्याइतका वेळही तो फोड आपल्याला देत नाही. किरणोपचारात येणारे तोंड मात्र निराळ्या जातीचे असते. त्याला हीच वखदे जशीच्या तशी लावावयाची की नाहीत, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम हे तोंड का येते ते पाहू. तोंडातील आतली नाजूक त्वचा सारखी झिजत असते आणि तिच्या तळच्या थरातील पेशी दुभंगून नवी त्वचा वर पाठवत असतात. हा क्रम एकदोन आठवड्यांचा असतो. किरणांचा मारा जोराने वाढणाऱ्या पेशींवर अधिक होतो. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, आणि दुर्दैवाने या तळच्या पेशीही तशाच असतात. वरची त्वचा झिजत राहते, खालून नवी येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात रोग्याला काहीच जाणवत नाही. तो घरी येऊन ‘एवढ्यासाठीच का घाबरत होतो’ असे म्हणतो. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तोंड लाल होते, तिखट झोंबू लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्रण पडतात, त्यांवर पांढुरका पापुद्रा धरतो, आणि पुढे पुढे पाण्याचा घोटही सुरीसारखा उतरतो. लाळ आटते, जी असते ती दाट आणि चिकट होते. जागतिक आरोग्य संघटनेने या पीडेच्या चार पायऱ्या कल्पिल्या आहेत. पहिलीत केवळ लाली व हुळहुळ. दुसरीत व्रण, परंतु घन अन्न खाता येते. तिसरीत केवळ पातळ पदार्थ. आणि चौथीत तोंडावाटे काहीच नाही.

आता उपचाराचा हिशेब लक्षात घ्या. अशा रोग्याला साधारणतः ६० ते ७० ग्रे इतकी किरणमात्रा द्यावयाची असते. ग्रे हे किरणांचे माप होय. ती मात्रा एकदम देता येत नाही. ३० ते ३५ भागांत, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा-सात आठवडे दिली जाते. पेडणे तालुक्यातील हळर्णचा किंवा तोरशाचा, डिचोली तालुक्यातील नार्व्याचा किंवा मयेचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. सकाळी पेज घेऊन निघावयाचे, तालुक्याबाहेरच्या रुग्णालयापर्यंत बसने किंवा कोणाच्या तरी गाडीने जावयाचे, दहा-पंधरा मिनिटांच्या उपचारासाठी तासन्‌तास थांबावयाचे आणि दुपारी परत यावयाचे. कोणी बेळगावात किंवा मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम टाकतो. चौथ्या आठवड्यात तोंडातून पेजही उतरेनाशी झाली, अंगातील शक्ती गेली, की घरातील माणसेच दयेने म्हणतात, ‘चार दिवस राहू दे. तोंड बरे झाले म्हणजे जाऊ.’

श्रोतेहो, सगळा घात या चार दिवसांत आहे. किरणोपचारात खंड पडला म्हणजे वाचलेल्या कर्कपेशी त्या अवकाशात अधिकच वेगाने वाढतात. डोके आणि मान यांच्या कर्करोगात उपचार एक दिवसाने लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने, किंबहुना त्याहून किंचित अधिक घटते, असे अनेक ठिकाणच्या अनुभवांवरून दिसून आले आहे. चार दिवसांचा विसावा रोग्याला गोड वाटतो, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून गुळणी कोणत्याही द्रव्याची असो, तिची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करतो. ती घेणारा रोगी ठरलेले सर्व दिवस पुरे करू शकला काय? व्रण मुळीच पडू नयेत असा चमत्कार कोणत्याही पाल्याने घडत नाही. व्रण आठवडाभर उशिरा आले, थोडे उथळ राहिले, रोगी पेज पिऊ शकला आणि उद्याच्या बसला चढला, एवढे झाले तरी ती गुळणी सार्थकी लागली.

आपल्या वैद्यकाने मुखरोगांत गुळणीला मोठे स्थान दिलेले आहे. तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. तोंड पूर्ण भरून द्रव हलवता येणार नाही अशा रीतीने धरून ठेवणे हा गंडूष. आणि तोंडात सुखाने घोळवता येईल इतकेच घेऊन घोळवणे हा कवल. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात या विषयाला वेगळा अध्याय दिला असून स्निग्ध, शमन, शोधन आणि रोपण असे गंडूषाचे चार भेद केले आहेत. व्रण भरून आणणारा तो रोपण. मधाच्या गंडूषाने मुखातील व्रण सांधतात व दाह आणि तृष्णा शमते, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक बारीक भेद आहे. बाहेरच्या आघाताने झालेले क्षत, विष, क्षार किंवा अग्नी यांनी पोळलेले तोंड यांत तूप अथवा दूध धरावे, असे तो सांगतो. पोटातल्या दोषांनी आलेले तोंड आणि बाहेरून पोळलेले तोंड त्याने एका पंक्तीला बसवलेले नाही. यावरून आपल्या पूर्वजांना किरणोपचार ठाऊक होता, असा गर्व करण्याचे कारण नाही. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. परंतु पोळलेल्या तोंडाला तुरट, तीक्ष्ण काढ्यापेक्षा आधी स्निग्ध व सौम्य काही द्यावे, हा त्याचा विवेक आजही उपयोगी पडण्यासारखा आहे.

मुखपाकावरचा एक जुना काढा वैद्यांत प्रसिद्ध आहे. जाईची पाने, गुळवेल, मनुका, धमासा, दारुहळद आणि त्रिफळा ही त्यातील द्रव्ये. काढा गार करावयाचा आणि मग त्यात मध घालावयाचा. आजी जाईची पाने देत असे ती याच परंपरेतून. ‘गार करून’ या शब्दांकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते. घसा दुखतो तेव्हा कडकडीत पाण्याच्या गुळण्या करण्याची सवय जडलेली असते, आणि तेच पाणी या कच्च्या तोंडात गेले की रोगी कळवळतो.

काताचा उल्लेख मघाशी आला. हा खैराचा अर्क आपल्या भूमीत फार जुन्या काळापासून नावाजलेला आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले, आणि ग्रीकांचे ‘लिसियम’ म्हणतात ते हेच औषध, असे प्रतिपादन केले. कात तुरट आहे. तो स्राव आवरतो. परंतु किरणांनी आधीच कोरड्या पडलेल्या तोंडाला तुरट द्रव्य अधिक कोरडे करते. शिवाय आपल्याकडे कात पानाच्या तबकातून येतो, आणि त्याच्याबरोबर सुपारी येते. डिचोली-सत्तरीच्या कुळागरांत राहणाऱ्यांना हे ऐकावयास कडू वाटेल, पण सांगितले पाहिजे. तंबाखू नसलेला विडासुद्धा कर्करोगास कारण होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. सुपारीची गणना तीत निश्चित कारणांत केली आहे. तेव्हा ‘कात तोंडाला बरा’ म्हणून उपचार चालू असता पान खाणे म्हणजे आग विझवावयास गवत आणणे होय. मशेरीचीही तीच गोष्ट.

आता आधुनिक परीक्षेत या द्रव्यांचे काय झाले ते पाहू. आपल्याच किनाऱ्यावर, गोव्याच्या दक्षिणेस मंगळूर येथे हळदीच्या गुळण्यांची एक परीक्षा झाली. तिचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. डोके व मान यांच्या कर्करोगाचे ८० रोगी घेतले. अर्ध्यांनी हळदीच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा केल्या, अर्ध्यांनी पोव्हिडोन आयोडीनच्या. हळदीच्या गटात तोंड उशिरा आले, कमी तीव्र आले, वजन कमी घटले. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, पहिल्या चार आठवड्यांत उपचारात खंड पडणाऱ्यांची संख्या कमी भरली. परीक्षा लहान होती, आणि तुलना आयोडीनशी होती, साध्या मिठाच्या पाण्याशी नव्हे, हे विसरता कामा नये. तरीही आपल्या स्वयंपाकघरातील डब्यातून उचललेली ही वस्तू केवळ आजीच्या शब्दावर उभी नाही, एवढे म्हणता येते.

मधाचीही अशीच कथा आहे, पण ती वळणावळणाची. मलेशियात ४० रोग्यांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, किरणांच्या पंधरा मिनिटे आधी, पंधरा मिनिटांनंतर आणि पुन्हा सहा तासांनी २० मिलिलिटर मध तोंडात घोळवून सावकाश गिळावयास दिला. तिसऱ्या-चौथ्या पायरीचे व्रण मध घेणाऱ्यांत शंभरांत वीस जणांना झाले, न घेणाऱ्यांत पंचाहत्तर जणांना. हे ऐकून कोणीही मधाची बाटली उघडील. पण इंग्लंडमध्ये न्यूझीलंडच्या नामांकित मानुका मधाची तुलना साखरेच्या सोनेरी पाकाशी केली, तेव्हा दोहोंत काही फरक आढळला नाही; हा वृत्तांत २०१२ सालचा. सर्व परीक्षा एकत्र करून २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मधाला प्रतिबंधासाठी ‘सुचवण्याजोगा’ असे स्थान दिले, ‘शिफारस’ असे नव्हे. त्यांनीच दातांवर मध व साखर यांच्या दुष्परिणामाची सूचनाही दिली. लाळ आटलेल्या तोंडात दात लवकर किडतात. म्हणून मधानंतर थोड्या वेळाने साध्या पाण्याने तोंड धुतलेच पाहिजे. मधुमेही रोग्याने तर वैद्यांना विचारल्यावाचून मधाच्या वाटेस जाऊ नये.

कोरफडीविषयी लोकांचा मोठा विश्वास आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर परीक्षेत तिच्या रसाने तोंड येण्यात काही फरक पडला नाही. इतरत्र थोडा गुण दिसला. गार रसाने घटकाभर बरे वाटते हे खरे, परंतु कापलेल्या पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक धुऊन टाकला नाही तर पोटाला जुलाब होतात, आणि जे थोडे अन्न गेले तेही जाते.

पेडण्यात अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे गोव्यातील केंद्र उभे राहिले. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आयुर्वेदाचे एवढे मोठे रुग्णालय दारात आल्याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु त्याबरोबर एक प्रश्नही लोकांच्या तोंडी आला आहे: ‘धारगळास औषध मिळत असता, दूर जाऊन ती भाजणारी किरणे घ्यावयाची कशाला?’ माझे उत्तर स्पष्ट आहे. गुळणी किरणांच्या जागी नाही. गुळणी किरणांच्या साथीला आहे. तोंडाच्या गाठीवर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची जागा घेईल असा एकही काढा सिद्ध झालेला नाही. धारगळच्या वैद्यांकडे जावे, अवश्य जावे. पण किरणोपचाराचे कागद हातात घेऊन जावे, आणि तेथून मिळालेले औषध किरणोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावे. दोन वैद्यांपासून एकमेकांची औषधे लपवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. रोग्याला वाटते, डॉक्टर रागावतील. रागावले तर रागावू द्यावे. किरणांबरोबर सिस्प्लॅटिनसारखे औषध चालू असेल तर मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात एखादे अनोळखी भस्म पोटात गेले तर काय होईल ते सांगता येत नाही. गुळणी करून थुंकणे वेगळे आणि औषध गिळणे वेगळे.

आता प्रत्यक्ष घरी काय करावयाचे ते सांगतो. सर्वांत मुख्य गुळणी पाल्याची नाहीच. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवावा, बस्स. दर दोन-तीन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर, पहिल्या दिवसापासून तिच्या गुळण्या कराव्यात. तोंड येण्याची वाट पाहू नये. रात्री जाग आली तर तेव्हाही एक करावी. या पाण्याने व्रण भरत नाहीत, पण चिकट लाळ सुटते, अन्नाचे कण निघतात. हे साधे पाणी टाळून थेट दुर्मीळ काढ्याच्या शोधास निघणारी माणसे मला नेहमी भेटतात.

हिच्या जोडीला हळदीची गुळणी करावयाची असेल तर हळद खात्रीची घ्यावी. रंग उठून दिसावा म्हणून बाजारी हळदीत शिशाचा पिवळा रंग मिसळल्याची उदाहरणे आपल्या देशात आढळली आहेत. घरची कुटलेली उत्तम. अर्धा लहान चमचा हळद पेलाभर पाण्यात उकळावी आणि मलमलीच्या फडक्यातून गाळावी, कारण तिचा रवा कच्च्या तोंडात वाळूसारखा खुपतो. जाईच्या पानांचा काढाही असाच गाळून, गार करून घ्यावा. व्रण पडल्यावर पाने चावू मात्र नयेत. कोणताही काढा रोजचा रोज करावा. शिळ्या काढ्यात बुरशी धरते, आणि लाळ आटलेल्या तोंडात बुरशीचा पांढरा थर बसावयास वेळ लागत नाही. असा थर दिसला, ताप आला किंवा रक्त आले, तर घरची गुळणी बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शास्त्रात गंडूष थोर असला तरी या रोग्यांनी कवलच करावा. घसा सुजलेला असताना तोंड भरून धरलेले द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घसा खरवडणाऱ्या जोराच्या गुळण्या तर नकोतच. मान किंचित पुढे झुकवून, गालांत हळूहळू घोळवून थुंकावे. तूप धरावयाचे तर ते किरणांच्या आधी नको, घरी परतल्यावर, रात्री. आसवे आणि अरिष्टे गुळणीसाठी कदापि वापरू नयेत. त्यांत मुरताना उत्पन्न झालेले मद्य असते. बाजारातील सुगंधी मुखजलांपैकी कित्येकांतही मद्य असते. बाटलीवरील अक्षरे वाचून घ्यावीत. आणि दाढ ठणकली की फेणीचा घोट गालात धरणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे जरा प्रेमाने, पण ठामपणे सांगावे.

वेदना असह्य झाली तर ती सोसण्यात पुरुषार्थ नाही. बधिर करणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या गुळण्या डॉक्टरांकडे असतात. बेंझिडमीनची गुळणी त्यांपैकी एक असून मध्यम किरणमात्रेपर्यंत तिची शिफारस वर सांगितलेल्या तज्ज्ञमंडळानेच केली आहे. जेवणाच्या अर्ध्या तासापूर्वी वेदनाशामक घेऊन मग पेज प्यावी, म्हणजे दोन घोट अधिक जातात. पेज उकड्या तांदळाची, चांगली शिजवून घोटलेली, कोमट. नाचणीचे तिझन नारळाच्या रसात, गूळ बेताचा. डाळीचे पाणी, दूध, मऊ उकडलेले अंडे. सोलकढी या दिवसांत बंद. सोलांचा आंबटपणा व्रणांना सोसत नाही. हुमणातील मासा हवा असेल तर मिरचीवाचून, नारळाच्या रसात शिजवून, काटे काढून कुस्करावा. दर आठवड्याला वजन करावे, आणि ते झपाट्याने उतरू लागले तर नाकातून नळी घालून अन्न देण्यास नकार देऊ नये. ती नळी म्हणजे शेवट, असा एक समज खेड्यांत पसरलेला आहे. वस्तुतः ती पाच-सहा आठवड्यांची सोबतीण आहे, आणि तिच्यामुळे कित्येकांचा उपचार खंडावाचून पुरा होतो.

एक गोष्ट किरणोपचाराच्या आधीची राहिली. किडके, हलणारे दात उपचार सुरू होण्यापूर्वी निदान दोन आठवडे काढून घ्यावेत, म्हणजे जखम भरून येते. किरणे घेतलेल्या जबड्यातील दात मागाहून उपटला तर हाड कुजण्याचे भय असते. हे भय उपचार संपून वर्षे लोटली तरी जात नाही. म्हणून गावच्या जत्रेला भेटलेल्या दंतवैद्यालाही ‘मी किरणे घेतली आहेत’ हे आधी सांगावे.

आणि शेवटचा दिवस संपला म्हणजे तोंड लगेच बरे होईल, असे समजू नये. पुढचे आठ-दहा दिवस ते उलट अधिकच दुखते, आणि रोगी घाबरतो, की उपचार फसला. तसे नसते. तळच्या पेशी पुन्हा कामाला लागण्यास तेवढा अवधी लागतो; सामान्यतः दोन ते सहा आठवड्यांत नवी त्वचा धरते. मिठा-सोड्याची गुळणी तोपर्यंत चालू ठेवावी. चव परतण्यास काही महिने लागतात, लाळ काहींच्या बाबतीत पूर्वीइतकी कधीच येत नाही. अशांनी पाण्याची बाटली जवळ बाळगावी आणि घोट घोट घेत राहावे. पेजेबरोबर लोणच्याची फोड केव्हा घ्यावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक रोगी पहिल्याच आठवड्यात विचारतो. आधी लोणच्याचा नुसता खार बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावून पाहावा. झोंबला नाही, तर दुसऱ्या दिवशी फोड.